ब्रेकला होणारा उशीर

जाळ्याची तुटलेली वायर हरिश्चंद्र खलाशाच्या कानाला चाटून गेली, तेव्हा बोटीचा प्रमुख सर्वेश तांडेल याने मासेमारीचा ट्रॉलर देवगड बंदरात लावला आणि पुण्याहून धाकट्या बहिणीला, अपेक्षाला, बोलावून घेतलं. ती यंत्रांचे प्रोग्रॅम तपासायची. सर्वेशने जाळं ओढणाऱ्या विंचवर नवा कॉम्प्युटर बसवून घेतला होता. वायरवर ताण वाढला की त्याने पापणी लवायच्या आत ब्रेक सैल करून वायर सोडायची, म्हणजे ती तुटत नाही. पण मध्येच कधीतरी त्याला उशीर व्हायचा.

धक्क्यावर अपेक्षाने नाना तऱ्हांनी ताण देऊन पाहिला. ब्रेक एकदाही चुकला नाही.

"अगो, हंय काय्येक दिसाचा नाय," सर्वेश म्हणाला. "भायर जाळा भरला की बघ."

म्हणून सकाळी तीही समुद्रावर गेली. जाळं वर यायला लागलं, तशी ती केबिनमध्ये लॅपटॉप जोडून बसली. आणि उशीर दिसला. ब्रेकचा प्रोग्रॅम प्रत्येक वेळी आधी ताणाची नोंद मेमरी कार्डावर लिहायचा. मासे शोधणारा स्क्रीनही आपली चित्रं त्याच कार्डावर ओतत होता. कार्ड मोकळं होईपर्यंत ब्रेक नुसता ताटकळायचा. बंदरात स्क्रीन बंद, म्हणून तिथे सगळं सुरळीत.

"दादा, विंच बंद कर!"

"जाळा इला गो वर, जरा..."

"आदी बंद कर!"

सर्वेशने लाल बटण दाबलं. विंच फिरतच राहिला. बटणाचा हुकूमही तोच प्रोग्रॅम वाचत होता, आणि तो कार्डापाशी अडकला होता. बाहेर वायर करकरू लागली.

"आडवे पडा सगळे!"

वायर तुटली. केबिनची काच फुटून आत आली. डेकवर पालथा पडलेला हरिश्चंद्र बऱ्याच वेळाने उठला. तो धड होता. जाळं मात्र समुद्रात गेलं.

अपेक्षाने नोंद लिहिण्याचं काम ब्रेकपासून वेगळं काढलं. तिथेच, स्क्रीन चालू ठेवून उरलेल्या वायरला पुन्हा पुन्हा ताण दिला. ब्रेक वेळेवर सुटला.

"ह्यो डबो आणिक कोणाकडे आसा?" विंचच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवत तिने विचारलं.

सर्वेशचा चेहरा उतरला. "आचऱ्याच्या बाबलीकडे. तो आजच भायर पडलो."

त्याने वायरलेस उचलला. बाबलीचा आवाज आनंदाने फुटत होता. "जाळा भरान इला रे! ओढतंव आता, मागसून बोलतंय!"

"बाबली, ओढू नको! बाबली!"

पलीकडून नुसती घरघर येत होती. सर्वेशने ट्रॉलर दक्षिणेला, आचऱ्याच्या दिशेने वळवला.