पांढरा सदरा आणि बोअरचं पाणी

रेणूने दप्तर ओसरीवर टेकवलं आणि वही न काढता तशीच बसून राहिली. सातवीतली पोर. संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दहाजणांत सगळ्यांत हुशार.

"मले नाई नेत, गुरुजी. शनिवारच्या विज्ञान प्रदर्शनात, लाखांदूरले. हेडसर म्हणे, शाळेची इज्जत जाते. आंघोळ तरी करतेस का, म्हणे."

तिचा गणवेशाचा सदरा जूनमध्ये पांढरा होता. आता कॉलरपासून खालपर्यंत गंजक्या पत्र्यासारखे तांबूस ओघळ. पाहून किळस आली.

"भूषण चालला," ती म्हणाली. "त्याची माय रविवारीच धुते. वास येते त्याच्या सदऱ्याले."

"आणि तुझी?"

"रोज. काल ब्लीचिंग टाकली, तं अजूनच लाल झाला."

मी पेल्यात बोअरचं पाणी घेतलं आणि चिमूटभर ब्लीचिंग पावडर टाकली. पोरं वाकून पाहत राहिली. थोड्या वेळात पाणी फिक्या चहासारखं झालं.

"लोह आहे पाण्यात," मी सांगितलं. "जो जास्त धुवेल, त्याचा सदरा जास्त गंजेल."

आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे; इथे पुनर्वसनात सगळ्यांना बोअरचंच पाणी. जुन्या गावात वैनगंगेवर धुतलेला कपडा पांढराच निघायचा. शाळा समितीत गणवेशाचा रंग ठरला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तोच काठ होता. समितीतल्या शोभाताई राखाडी म्हणत होत्या. मी म्हणालो, पांढऱ्याने पोरांना शिस्त लागते. त्या वाक्याची आज शिसारी येते.

"मंग तुमचं धोतर कसं पांढरं, गुरुजी?" चौथीतल्या बंटीने विचारलं.

आतून सून बोलली, "मामाजीचं धोतर मी विकतच्या कॅनच्या पाण्यात खंगाळतो. पिण्याच्या."

मला हे ठाऊक नव्हतं. कमरेचं धोतर एकदम घाण वाटायला लागलं.

"करुणा, आजपासून बोअरच्याच पाण्यात. आणि रोज ब्लीचिंग टाक."

"लोक काय म्हणतीन, मामाजी?"

"रेणूला म्हणतात तेच."

शनिवारी प्रार्थनेच्या वेळी शाळेत गेलो. रेणू रांगेबाहेर भिंतीशी उभी होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. मुख्याध्यापक गोपीचंद सर धावत आले. ते भंडाऱ्याहून ये-जा करतात, त्यांचा सदरा तिकडेच धुतला जातो.

"गुरुजी, तुम्ही इथे कसे? खुर्ची आणवतो."

"मळके इथेच उभे राहतात ना?"

त्यांनी माझं धोतर पाहिलं, मग रेणूचा सदरा. दोन्हींचा रंग एकच. रांगेतली पोरंही तेच पाहत होती. सरांनी खिशातून यादी काढली आणि तिच्यात रेणूचं नाव लिहिलं.

"आजच्यापुरता कोणाचा तरी चांगला सदरा घाल," ते हळूच म्हणाले.

"नाई सर. हाच घालून जातो."

ती प्रदर्शनाला निघालेल्या जीपमध्ये पुढे जाऊन बसली. भूषण तिच्याजवळ बसला तशी तिने नाक दाबलं.

परतताना कार्यालयात डोकावलो. पुढच्या वर्षीच्या गणवेशाचा गठ्ठा येऊन पडला होता. पांढरा. वरच्या मागणीपत्रावर समितीच्या वतीने सही होती, माझीच.