पालटेबाबांचं लाल पाणी

सोलापुरातल्या त्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर, लिंबू सरबताच्या गाड्याशेजारी माणसांचं कडं पडलं होतं. कुणी औषध आणायला निघालेला, कुणी डबा घेऊन आलेला. सगळे आपापली कामं विसरून माना उंचावत होते. मधोमध पालटेबाबा मांडी घालून बसले होते. बाबा म्हणे सुई न टोचता माणसाचं रक्त पालटून देत.

गर्दीत घुसून बसम्मा पुढे आल्या. हातात तान्ह्या नातवाचं झबलं, डोळ्यांत पाणी. नातू आत काचेच्या पेटीत, निळ्या दिव्याखाली, हळकुंडासारखा पिवळा पडला होता. डॉक्टर अरिबांनी नुकतंच सांगितलं होतं, "दिव्यानं कावीळ उतरत नाही. रक्त बदलावं लागेल, तेही लगेच. कावीळ मेंदूत गेली तर बाळ कायमचं अधू होईल, दगावेलसुद्धा."

मुलगा गुरुराज सही करायला निघालाच होता. पण बसम्मांच्या कानात एकच शब्द अडकला होता: बदलावं. त्यांनी लेकाचा हात धरला. "रक्तच बदलल्यावर रक्ताचं नातं कुटं राहतंय रे? पोरगं आपलं राहील का?" आईचा शब्द गुरुराजनं कधी मोडला नव्हता. पेन परत खिशात गेलं आणि तो आईमागोमाग फाटकाबाहेर आला.

हीच शंका बसम्मांनी आता बाबांपुढं मांडली. बाबांना तेवढंच पाहिजे होतं. "बरोब्बर बोललात, माय! परक्याचं रक्त भरलं, की उद्या हेच पोर तुम्हाला विचारणार, तुम्ही कोण? आमचा पालट घरचा. वंशाचं रक्त वंशातच!" त्यांनी झबलं परातीतल्या पाण्यात बुडवून खसाखसा चोळलं. पाणी पिवळंधमक. "निघाली कावीळ!" मग "शिव शिव" म्हणत चिमूटभर विभूती टाकली आणि पाणी लालभडक झालं. "इकडं पालटलं, तिकडं पालटलं! आता पोर घरी न्या, सुई लावू देऊ नका."

गर्दीनं हात जोडले. एका गृहस्थानं तर पायातल्या चपलाही काढल्या.

बसम्मांना भरून आलं. नातवाच्या कपाळाला लावावं म्हणून त्यांनी परातीत बोट बुडवलं. अंगठ्यावर चोळलं. नाकाशी नेलं. पुन्हा चोळलं. गल्लीत कुणाची बाळंतीण घरी आली, की ओवाळायचं लाल पाणी कालवायला बसम्मांनाच हाक यायची. हळदीत किती चुना पडला की कसा रंग उठतो, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं.

"बाबा, हे तर आमच्या आरतीचं पाणी हाय की!"

"जीभ आवरा, माय! हे वंशरक्त आहे."

"मग वंशरक्ताला हळदीचा वास येतोय व्हय?"

गुरुराजला शोधत डॉक्टर अरिबा बाहेर आल्या होत्या. त्यांनी परात पाहिली, गाडेवाल्याकडून अर्धं लिंबू घेतलं आणि सरळ त्या पाण्यात पिळलं. लाल पाणी बघता बघता पिवळं पडलं.

"अगं बाई," मागून कुणीतरी म्हणालं, "बाबांच्या रक्ताला परत कावीळ झाली!"

एकच हशा पिकला. "हाताला हळद, विभूतीत चुना," अरिबा म्हणाल्या. "हळदीला चुना लागला की ती लाल होते, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. एवढाच पालट." त्या गृहस्थानं घाईघाईनं चपला घातल्या. बाबा परात उचलून सटकायला निघाले, तर लोकांनीच त्यांची वाट अडवून वॉचमनला हाक मारली.

बसम्मांना मात्र हसू आलं नाही. "उशीर झाला का वो, डॉक्टरीणबाई?"

"अजून नाही. पण आता थांबायचं नाही."

"आणि नातं?"

"आजी, आईचा आणि बाळाचा रक्तगट जुळत नाही. दोष कुणाचाच नाही. पण त्यामुळं बाळाच्या रक्तातल्या पेशी फुटताहेत आणि कावीळ वाढतेय. ते रक्त थोडं थोडं काढून तेवढंच चांगलं भरायचं. भरलेलं रक्त पाहुणं असतं, काही महिन्यांत जातं. तोवर बाळ स्वतःचं तयार करत राहतं."

"पाहुणं व्हय? मग येऊ दे की! गुरुराज, बघतोस काय? सही कर!"

रक्त बदललं, कावीळ उतरली आणि काही दिवसांनी बाळ घरी आलं ते गल्ली डोक्यावर घेतच. बसम्मांनी उंबऱ्यात सुनेला आणि नातवाला लाल पाण्यानं ओवाळलं. शेजारीण कौतुकानं म्हणाली, "लाल पाणी पावलं बघा, अक्का."

बसम्मांनी ताट खाली ठेवलं. "हे पाणी नुसतं कौतुकाचं. हळद आन् चुना. पोर वाचलं ते दवाखान्यामुळं, आन् कुणा अनोळखी माणसानं दिलेल्या रक्तामुळं. तान्हं पिवळं दिसलं तर दवाखाना गाठा. आन् कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी बोट बुडवून वास घ्या!"