पिंपावरचा कॅरमबोर्ड

झाकण नाही हो, कॅरमबोर्ड आहे मी. चारही कोपऱ्यांच्या जाळ्या गेल्या आणि एका भोकातून नळाचा पाइप आत सोडलाय, म्हणून ओळख पटत नसेल. वर्तकनगरच्या या घरात, मोरीच्या बाहेर, निळ्या पिंपावर मी कित्येक वर्षं पालथा पडून आहे. तोंड पाण्याकडे, पाठ माणसांकडे. कान मात्र उघडे.

दर रविवारी घरात पाहुणे येतात. नाटककार बाबुराव तांबे ज्या शहरात राहिले, राबले, लिहिते झाले, ते शहर बघायची सहल असते. तलावपाळीवर सुरुवात. मग नाट्यगृहाची मागची पायरी, जिथं ते पहिल्या प्रयोगाला आत न जाता बसून राहिले होते. मग रिक्षा करून बाळकुम. त्यांच्या कारखान्याच्या जागी आता टॉवर झालेत आणि वॉचमन आत सोडत नाही, तेव्हा सगळे फाटकातूनच माना वर करून बघतात. शेवटी हे घर.

सहल नेणारी ऐश्वर्या चुणचुणीत पोरगी आहे. खिडकीजवळच्या सागवानी टेबलावर हात ठेवून ती सांगते, "इथं बसून त्यांनी सगळी नाटकं लिहिली." मग फोटो निघतात. कुणीतरी सरबताचा रिकामा ग्लास माझ्या पाठीवर ठेवतं.

ते टेबल मुलानं आणलं, पुरस्कार मिळाल्यानंतर. बाबुराव त्यावर औषधं ठेवायचे आणि वाळायला टाकलेले मोजे.

लिहायचे ते माझ्यासमोर. मला आणलं होतं पोरांसाठी, पण पोरांच्या वाट्याला मी फक्त सुट्टीत यायचो. एरवी कारखान्यातून आले की बाबुराव मला पुढ्यात घ्यायचे, पॅड मांडीवर, आणि माझ्यावर सोंगट्या मांडायचे. काळ्या सोंगट्या म्हणजे घरातली माणसं, पांढऱ्या बाहेरची. लाल राणी म्हणजे नाटकातली बाई. मधलं वर्तुळ हे घर आणि कोपऱ्यातली भोकं म्हणजे दारं. एखादं पात्र कायमचं गेलं की ते सोंगटी हळूच भोकात सोडायचे.

त्यांचा नियम एकच: पावडर टाकायची नाही. ओल्या फडक्यानं मला पुसून घ्यायचे, म्हणजे सोंगटी ठेवली तिथंच राहते.

"पप्पा, पावडरशिवाय कसला कॅरम?" पोरं म्हणायची.

"मला माणसं घसरायला नकोयत रे," ते म्हणायचे.

पण तेव्हा घर म्हणजे एकच खोली. अंथरुणं घालायची तर मला भिंतीला उभं केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मग त्यांची बायको शालन मांडणी एकदा नीट बघून घ्यायची, सोंगट्या डब्यात भरायची आणि सकाळी सगळ्या पुन्हा जिथल्या तिथं लावायची.

म्हणजे, बहुतेक जिथल्या तिथं. एखादी सोंगटी बोटभर इकडे सरकायची. बाबुराव चहा पिताना बघायचे. "ही इथं होती का गं?"

"मग कुठं असणार?" शालन भाकरी थापता थापता म्हणायची.

ते तसंच लिहायचे. डोंबिवलीच्या प्रयोगात नेमक्या अशाच एका बोटभर जागेला टाळ्या पडल्या होत्या. घरी येऊन बाबुरावांनी ते दहादा सांगितलं. शालन शेंगदाणे खात ऐकत राहिली, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही तिच्या.

त्यांचं शेवटचं नाटक अपुरं राहिलं. त्यातली बाई उंबऱ्यापाशी थांबलेली, जायचं की राहायचं ते ठरत नाही. त्या रात्री बाबुरावांनी राणी मधोमध ठेवली, घरात. पहाटे त्यांच्या छातीत कळ आली आणि त्यांना दवाखान्यात हलवलं. शालननं सवयीनं मला मांडलं. राणी हातात घेऊन ती बराच वेळ बसली आणि मग तिनं ती भोकाच्या काठावर ठेवली. आत नाही, काठावर. बघायला ते परत आलेच नाहीत. दुपारी माणसं जमली, बसायला जागा हवी, म्हणून कुणीतरी मला उचललं. सोंगट्या बिस्किटांच्या डब्यात गेल्या.

पुढं लोक शालनला विचारायचे, "साहेबांना खायला काय आवडायचं?" ती सांगायची, सुकट. दुसरं कुणी काही विचारलंच नाही. आता विचारूनही उपयोग नाही. अर्धांगाच्या झटक्यानं तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही. डावा हात तेवढा चालतो.

गेल्या रविवारी ऐश्वर्यानं बातमी दिली. "आजी, जय भीम! ते अपुरं नाटक करतोय आम्ही. शेवट एका नव्या लेखकाकडून लिहून घेतलाय. पुढच्या रविवारपासून तालमी. बाई शेवटी नवऱ्याची माफी मागते, असं केलंय. खूप टचिंग आहे."

शालनचा डावा हात पलंगावर आपटला. पुन्हा आपटला.

"बघा, आजी किती खूश झाल्या," ऐश्वर्या म्हणाली.

"खूश झाल्या की त्या असं करत नाहीत," स्वयंपाकघराच्या दारातून नवी सून म्हणाली. प्रीती तिचं नाव, नातू सुमितची बायको. नव्या सुनेचं बोलणं जेवढं ऐकलं जातं तेवढंच ऐकलं गेलं. सगळे टेबलाचे फोटो काढत होते.

आज शनिवार. प्रीतीनं पिंप धुवायला काढलं आणि मला पुसून पलंगाच्या कडेला उन्हात ठेवलं. शालननं मला पाहिलं. हात पुढं आला, माझ्यावर थापट्या मारू लागला.

"काय आजी, खेळायचंय?" प्रीतीनं माळ्यावरून सोंगट्यांचा डबा शोधून काढला.

"अगं, तो भंगारात द्यायचाय," सुमित म्हणाला. "नवीन झाकणाचं माप देऊन आलोय मी."

"आणशील तेव्हा आण ना रे."

आणि चांगल्या मनानं तिनं माझ्यावर पावडर भुरभुरली. कॉलेजात कॅरम खेळलेली पोर, तिला दुसरं काय सुचणार?

शालन एकेक सोंगटी ठेवू लागली. पाण्याच्या वाफेनं माझं पोट खोल गेलंय. पावडरीवरून काळ्या-पांढऱ्या सगळ्या घसरत मधे गोळा झाल्या. तिनं पुन्हा लावल्या. पुन्हा घसरल्या. मी लाकूड घट्ट धरायचा प्रयत्न केला, पण फुगलेल्या प्लायवुडचं कोण ऐकतं? शालनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

प्रीती बघत होती. तिसऱ्या वेळी शालननं तीच काळी सोंगटी त्याच कोपऱ्यात नेऊन ठेवली, तेव्हा प्रीती हळूच म्हणाली, "सुमित, आजी खेळत नाहीयेत."

"मग काय करतेय?"

"मांडतायत."

तिनं ओलं फडकं आणलं, पावडर पुसली, माझ्या पोटाखाली वर्तमानपत्राची घडी सरकवली. सोंगट्या थांबल्या. एकेक करून सगळं घर माझ्यावर उभं राहिलं, बाबुरावांनी सोडलं होतं तसं.

उरली राणी. शालननं ती मधोमध नेली. हात थांबला. मग भोकाच्या काठाकडे नेली. तिथंही थांबला. पुन्हा मधे.

"आजी, इथं?" प्रीतीनं विचारलं. "की इथं?"

शालननं मूठ मिटून घेतली.

"विसरली असेल गं," सुमित म्हणाला.

"विसरलेलं माणूस असं बघतं का?"

ती विसरलेली नाही. एक जागा त्यांची आहे, एक तिची, आणि या वेळी "ही इथं होती का गं" म्हणून विचारायला समोर कुणी नाही. हे मला ठाऊक आहे आणि त्यांना सांगायला मला वाचा नाही.

उद्या ऐश्वर्या येईल. भंगारवालाही रविवारीच येतो. तुम्ही येणार असाल तर एवढंच करा: टेबलाकडे जाण्याआधी पलंगापाशी थांबा, माझ्यावर ग्लास ठेवू नका, आणि ती मूठ उघडेपर्यंत मला कुणी हलवू देऊ नका.