बोहनीची पिशवी

मी एक जुनी पिशवी आहे. कापडाची नाही, तागाचीही नाही. ज्यांना पाहून तुम्ही नाक मुरडता, त्या पातळ पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांपैकीच मी एक. आमच्या जातीला आयुष्य नसतं असं लोक समजतात. मित्रांनो, आयुष्य भरपूर असतं, वापर तेवढा पाच मिनिटांचा असतो. मला मात्र एका बाईने बावीस वर्षं वापरलं, आणि ती बाई पिशवीला पैसे लावण्याच्या कट्टर विरोधात होती.

माझा जन्म कारखान्यातला. साबुदाण्याएवढे दाणे वितळवून आम्हाला फुगवलं, कापलं, आणि शंभर बहिणींची गड्डी करून आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅरोबेग नावाच्या गावी पाठवलं. तिथे मॅलकी टिअर्ननच्या दुकानात गल्ल्याशेजारच्या आकड्यावर आम्ही लटकत होतो. अंगावर हिरव्या शाईत त्याचं आडनाव छापलेलं होतं.

त्या दिवसांत आम्ही फुकट होतो, आणि फुकटाला किंमत नसते. पावाला एक पिशवी, दुधाला दोन, आणि वर 'असू दे गं' म्हणून आणखी एक. दुपारपर्यंत त्यातल्या निम्म्या वाऱ्यावर गेलेल्या असत. समुद्रावरून येणारा तिथला वारा कोणाला सोडत नाही. दुकानासमोरच्या शेताच्या कडेला काटेरी झुडपांची रांग होती. माझ्या कितीतरी बहिणी तिथे अडकून, फाटून, फडफडत राहिल्या. गावातली पोरं त्यांना 'चेटकिणीच्या चड्ड्या' म्हणत आणि खिदळत. मला आकड्यावरून ते सगळं दिसायचं आणि फार लाज वाटायची.

मग सरकारने ठरवलं की मार्चच्या चार तारखेपासून दर पिशवीमागे पंधरा सेंट घ्यायचे. युरो येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, लोक अजून मनात जुन्या पौंडांचा हिशेब करत होते, त्यात ही नवी भानगड. दुकानात दुसरा विषय नव्हता. सगळ्यांत मोठा आवाज डिम्फना लव्हेलचा. ही साठीची विधवा बाई, डोंगराच्या पायथ्याशी मेंढ्या पाळणारी, मॅलकीची शाळेतली वर्गमैत्रीण. दर शुक्रवारी सामान घेतलं की ती गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसायची, मॅलकी चहा करायचा, आणि दोघं मिळून अर्ध्या गावाची धुणी धुवायची.

चार मार्चला सोमवार असूनही ती मुद्दाम आली. दुकान भरलेलं होतं. तिच्यापुढे पीठ, चहा, लोणी आणि अंडी होती.

"पिशवी लागेल का गं?" मॅलकीने विचारलं.

"इतकी वर्षं दिलीस तशीच दे की."

"आता पंधरा सेंट पडतील. मला नाही मिळत ते, सरकारला जातात."

"मग सरकारला सांग माझी अंडी घरी पोचवायला."

लोक हसले. पण बाहेर पाऊस होता आणि हातात चार वस्तू होत्या. तिने नाणी काढून ठेवली. मॅलकीने मला आकड्यावरून ओढलं आणि सगळ्यांकडे बघत म्हणाला, "चला, बोहनी झाली! आणि तीही डिम्फनाच्या हातून."

सगळं दुकान खो खो हसलं. या वेळी हसू तिच्यावर होतं. तिने मला त्याच्या हातातून हिसकावून घेतलं आणि सामान भराभर कोंबलं.

"ऐकून ठेव, मॅलकी," ती म्हणाली. "ही पहिली आणि हीच शेवटची. दुसरी पिशवी विकत घेतली, तर डिम्फना लव्हेल नाव लावणार नाही."

त्या दिवसापासून ती मॅलकीशी बोलेनाशी झाली. गावात दुकान एकच, म्हणून शुक्रवारी यायची, पण यादीचा कागद पुढे करायची, पैसे ठेवायची आणि निघायची. स्टूल रिकामं राहिलं. मॅलकीने ते हलवलंही नाही.

आणि मी? मित्रांनो, माझ्याइतके लाड कुठल्या पिशवीचे झाले असतील? ती मला धुऊन चुलीजवळ वाळवायची आणि चौकोनी घडी करून कोटाच्या खिशात ठेवायची. बंद तुटला तेव्हा गवताचे भारे बांधायची निळी दोरी ओवली. तळ विरला तेव्हा चिकटपट्टी लावली. पुढे सरकारने पंधराचे बावीस सेंट केले, तेव्हा आपले वाचले या खुशीत ती आठवडाभर गुणगुणत होती. एव्हाना गावाचं मतही फिरलं होतं. जो तो घरून थैली आणायचा आणि 'मी तर पहिल्यापासून हेच म्हणत होतो' असं छातीठोक सांगायचा. झुडपांवर आता नुसती फुलं यायची. एकटी डिम्फना मत बदलायला तयार नव्हती.

आठव्या हिवाळ्यात माझा घात झाला. दुकानाच्या दाराशी तिने मला उलगडलं आणि वाऱ्याने हिसकावून नेलं. मी थेट समोरच्या झुडपात जाऊन अडकले, उंचावर, अंगभर काटे. तिला तिथवर हात पुरेना. दुकानाच्या काचेतून मला सगळं दिसत होतं. ती आत गेली. सामान घेतलं. मॅलकीने एक नवी पिशवी काढली, स्वतःच्या खिशातून तिचे पैसे गल्ल्यात टाकले आणि पुढे सरकवली. मला वाटलं, संपलं. घेतली तर आठ वर्षांचा हट्ट पाण्यात, आणि मी कायमची चेटकिणीची चड्डी.

तिने ती पिशवी तशीच मागे ढकलली. पीठ काखेत, दूध दुसऱ्या काखेत, चहा दातांत, अंडी छातीशी धरून ती बाहेर पडली. दहा पावलांवर अंडी निसटली आणि रस्त्यावर पचकन फुटली. ती तिथेच उभी राहिली. मोडली नाही, पण पुढेही जाईना.

तेव्हा मॅलकी बाहेर आला. दुकान उघडं टाकून, दुखरा गुडघा ओढत, शटर खाली ओढायची लांब काठी घेऊन. त्याने ओल्या शेतात पाय घातला आणि एकेक काटा सोडवत मला खाली उतरवलं. मग कितीतरी वेळ मला उलटसुलट करून पाहत राहिला.

"अगं, हिच्यावरचं माझं नावसुद्धा पुसलंय," तो म्हणाला.

"तुझंच गेलं. माझं आहे अजून."

आठ वर्षांनी आलेले ते पहिले शब्द. मॅलकीने मान खाली घातली.

"त्या दिवशी मी बोहनी म्हणालो, सगळ्यांसमोर. तसं बोलायला नको होतं मी."

"पंधरा सेंटांचं काय एवढं होतं रे," ती हळूच म्हणाली. "तू हसवलंस लोकांना माझ्यावर."

"चल, दुसरी अंडी देतो."

"पैसे घेणार असलास तर."

"अंड्यांचे घेईन. चहाचे नाही."

ती स्टुलावर बसली. मी तिच्या मांडीवर होते, चौदा भोकं पडलेली. त्याने चिकटपट्टी आणून दिली.

गेल्या वर्षी रेडिओवाली एक मुलगी लोकांची मतं विचारत दुकानात आली. डिम्फना आता ब्याऐंशी वर्षांची आहे.

"पिशवीला पैसे लावले ते बरं झालं का, आजी?"

"मुळीच नाही. मी विरोधात होते, आहे आणि राहणार."

"आणि तुमच्या हातात ही...?"

"ही? ही मी पैसे देऊन घेतलीय, पोरी. फेकून कशी देऊ?"

गल्ल्यामागे मॅलकीला हसू आवरेना, पण या वेळी त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, आणि ती हसली तेव्हाच तो हसला.

मित्रांनो, तुमच्या घरी दारामागे माझ्या बहिणी असतील. त्या पैसे देऊन आल्या असतील किंवा फुकट, तो वाद मोठ्या माणसांना घालू द्या. तुम्ही त्यांना वाऱ्यावर सोडू नका. धुवा, वाळवा, घडी घाला, तुटली तर दोरी ओवा. डिम्फनासारखा एक हट्ट धरा. माझ्यावर आता चिकटपट्टीच जास्त आहे आणि प्लास्टिक कमी, पण उद्या शुक्रवार आहे, आणि अंडी मीच आणणार.