आठशे तीस ग्रॅमची लेन्स

मित्रांनो, कसबा पेठेतल्या एका अरुंद दुकानात, मधल्या फळीवर डाव्या कोपऱ्यात जी काळी, जाडजूड झूम लेन्स बसलेली आहे, ती मी. माझे वय सात वर्षे. लेन्सच्या मानाने हे काही म्हातारपण नव्हे. तरीही मी दमले आहे. हा शीण कामाचा नाही. तो कशाचा आहे, तेवढेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

एका दूरच्या देशातल्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पोटात लहानमोठी एकोणीस भिंगे आहेत. माझे कडे एका टोकाला फिरवले, तर अख्खा चौक माझ्यात मावतो. दुसऱ्या टोकाला फिरवले, तर डोंगरमाथ्यावरच्या घारीची चोच स्पष्ट दिसते. जवळचे आणि लांबचे एकीतच सामावते, वाटेत लेन्स बदलत बसावे लागत नाही, म्हणून प्रवासाला निघालेली माणसे माझ्यासारखीला शोधत येतात. पण एवढे सगळे पोटात घ्यायचे, तर वजन वाढणारच. माझे वजन आठशे तीस ग्रॅम आहे.

मला निवडले ते कचरूरावांनी. ते तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेले गृहस्थ. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षे तपासनिसाचे काम केले. बाजारातून आणलेली वांगीसुद्धा ते एकेक उलटून पाहत आणि मगच टोपलीत ठेवत. कॅमेरा मात्र त्यांचा नव्हता. तो त्यांच्या पत्नीचा, राधाबाईंचा. राधाबाई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांची थोरली बहीण गोदाबाई उदगीरकडच्या एका गावात अंथरुणाला खिळलेली होती. राधाबाई जिथे जात, तिथले फोटो छापून घेत आणि गोदाबाईंच्या खाटेवर नेऊन पसरत. गोदाबाईंचा सारा प्रवास तेवढाच.

आधी राधाबाईंकडे दोन लेन्स होत्या, एक जवळची आणि एक लांबची. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर एकीच्या जागी दुसरी लावत असताना माकडाने टोपण पळवले आणि वाऱ्याने कॅमेऱ्याच्या पोटात धूळ भरली. त्याच दिवशी ठरले, की आता एकच लेन्स घ्यायची.

त्यांची मुलगी अक्षता खराडीला नोकरी करते. ती म्हणाली, “आई, फोनमध्ये सगळं येतं गं आता. कशाला हा पसारा?”

“फोनमध्ये लांबचा स्तूप मोहरीएवढा येतो,” राधाबाई म्हणाल्या. “अक्काला मोहरी नेऊन दाखवू?”

मग कचरूरावांनी निवडीचे काम हाती घेतले. त्यांनी चार लेन्स निवडून वहीत त्यांचा तक्ता आखला. चार रविवार ते या दुकानात येत राहिले. येताना ट्रायपॉड, स्पिरिट लेव्हल आणि वर्तमानपत्राचे पान घेऊन येत. पान समोरच्या भिंतीवर चिकटवायचे, ट्रायपॉडवर कॅमेरा सरळ करायचा, चारही लेन्समधून त्या पानाचे फोटो काढायचे आणि कोपऱ्यातली बारीक अक्षरे कुणाची नीट वाचता येतात ते तपासायचे, असा क्रम होता. दुकानाचे मालक बाळ नगरकर गल्ल्यामागून हे सारे पाहत असत.

“अहो साहेब, लेन्स विकत घेताय की नोकरीवर ठेवताय?” त्यांनी एकदा विचारले.

“नोकरीवरच,” कचरूराव म्हणाले. “आणि मी कुणालाही तपासल्याशिवाय कायम करत नाही.”

“मग आमचं दुकान राहू द्या, प्रयोगशाळेची पाटी लावतो.”

राधाबाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी माझ्या शेजारची एक छोटी, हलकी झूम लेन्स उचलली, हातात दोनदा फिरवली आणि म्हणाल्या, “अहो, ही बरी वाटते.”

“हिच्या फोटोच्या कडा मऊ, पुसट येतात. दहापैकी साडेपाच गुण.”

“बरं,” राधाबाई म्हणाल्या आणि त्यांनी ती खाली ठेवली.

मला नऊ गुण मिळाले. तक्त्यात वजनाचा रकाना होता. तो राहून गेला असे नाही. माझ्या नावापुढे त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले होते, ‘८३० ग्रॅम. शेरा : भरीव.’ जाड पोलादी कवचे तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला जड वस्तू विश्वासाची वाटते. त्यात त्यांचा काही दुष्टावा नव्हता. एवढेच झाले, की चारही रविवारी माझा भार ट्रायपॉडने उचलला होता. राधाबाईंच्या हातात मी पहिल्यांदा गेले ती घरी आल्यावर.

सुरुवातीची दोन वर्षे मी कौतुकाची होते. वेरूळच्या एका स्तंभाचा फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला गेला. येणाऱ्या प्रत्येकाला कचरूराव त्याच्यासमोर उभे करत आणि म्हणत, “कडा बघा. कोपऱ्यापर्यंत अक्षर न् अक्षर. चार रविवार घालवलेत हिच्यासाठी.” ‘हिच्यासाठी’ म्हणजे राधाबाईंसाठी, हे त्यांच्या मनात असे. पाहुणे माझ्याकडे बघत.

मित्रांनो, हाताची थरथर सगळ्यांत आधी लेन्सला कळते. राधाबाईंचे मनगट साठीनंतर दुखरे झाले होते. त्या मला डाव्या तळव्यावर पेलत, श्वास रोखत आणि घाईने फोटो काढून कॅमेरा खाली घेत. पुढे त्या उभ्याने फोटो काढीनाशा झाल्या. पायरी, दगड, पार, जे मिळेल त्यावर बसायचे आणि मला गुडघ्यावर टेकवायचे. आणखी पुढे त्या म्हणू लागल्या, “आज ऊन फार आहे,” “आज डोळे चुरचुरतात.” मग मी दिवसभर कचरूरावांच्या खांद्यावरच्या पिशवीत पडून असायचे. ते मला नियमाने पुसत आणि माझ्याजवळच्या ओलावा शोषणाऱ्या पुड्यांवर तारखा घालत. माझ्यात तसूभरही दोष नव्हता. मी जड होते, आणि हे मला बोलून दाखवता येत नव्हते.

यंदा त्यांच्या वस्तीतल्या मंडळींची सारनाथ आणि बोधगयेची सहल ठरली. गोदाबाईंनी निरोप धाडला होता, ‘सारनाथ नीट काढून आण. माझ्याच्यानं आता होत नाही.’ निघायला आठ दिवस उरले असताना राधाबाई म्हणाल्या, “कॅमेरा राहू द्या या वेळी.”

“आणि अक्का?”

“अक्काला तोंडी सांगेन.”

कचरूराव दुखावले. एवढी पारखून आणलेली वस्तू हिला नकोशी झाली, असे त्यांना वाटले. पण ते तपासनीस होते. कारण सापडल्याशिवाय ते शेरा मारत नसत. त्यांनी मला पुन्हा वर्तमानपत्रासमोर उभे केले. गुण तेच आले, नऊ. मग एका दुपारी त्यांनी सात वर्षांचे सगळे फोटो तारखेप्रमाणे संगणकावर लावले आणि पहिल्यापासून पाहायला घेतले.

तंत्रनिकेतनात चित्रकामाच्या तासाला शिकलेली एक गोष्ट त्यांच्या लक्षात होती. सपाट जागेवर काढलेल्या फोटोत मागची क्षितिजरेषा उभ्या माणसाला ज्या उंचीवर छेदते, तितक्याच उंचीवर कॅमेरा असतो. दिवेआगरच्या किनाऱ्यावरच्या पहिल्या फोटोंत समुद्राची रेषा माणसांच्या डोळ्यांमागून जात होती. दुसऱ्या वर्षी पाणशेतला पाण्याची रेषा छातीवर आली. त्याच्या पुढच्या वर्षी कमरेवर. नंतरच्या सगळ्या फोटोंत ती गुडघ्यावर होती, आणि शेवटच्या दीड वर्षात फोटोच नव्हते.

कॅमेरा वर्षागणिक खाली येत गेला होता. मग त्यांनी हाक मारली, “राधा, जरा इकडे येतेस? तू फोटो बसून काढतेस?”

राधाबाई दारात उभ्या राहिल्या. “मग काय करू? उभ्यानं हात थरथरतो.”

“कधीपासून?”

“झाली की चार वर्षं.”

“आणि मला बोलली नाहीस?”

“काय बोलू? तुम्ही तक्ता केलात, चार रविवार घालवलेत. घरात पाऊल टाकेल त्याला सांगता, बायकोसाठी किती पारखून आणली म्हणून. त्यात मी कोणत्या तोंडानं सांगू, जड होते म्हणून?”

कचरूराव उठले. त्यांनी कॅमेरा उचलला, गॅलरीत जाऊन डोळ्याला लावला आणि उभे राहिले. खालच्या रस्त्यावर त्यांचे लक्ष नव्हते. थोड्याच वेळात त्यांचे कोपर थरथरू लागले. मला ते स्पष्ट जाणवले. तरी ते आणखी काही वेळ तसेच उभे राहिले. मग मला हळूच टेबलावर ठेवले. वहीत काही लिहिले नाही.

दुसऱ्या दिवशी दोघे मला घेऊन या दुकानात आले.

“काय बिघडलं हिचं?” नगरकरांनी विचारले.

“हिचं काही नाही. निवडणाऱ्याचं बिघडलं.”

“सात वर्षांनी का होईना, निकाल लागला म्हणायचा.”

त्या छोट्या, हलक्या लेन्सच्या जातीचीच एक लेन्स फळीवर होती. राधाबाईंनी ती स्वतः कॅमेऱ्याला लावली आणि दुकानाच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांनी समोरची बोळ पाहिली, वरची खिडकी पाहिली, पुन्हा बोळ पाहिली. त्यांनी भरपूर वेळ घेतला. कचरूराव हात मागे बांधून गप्प उभे होते.

“साहेब, गुण किती?” नगरकरांनी विचारले.

“मला काय विचारता? फोटो त्या काढणार आहेत.”

ती लेन्स सारनाथला गेली. मी या फळीवर राहिले.

महिन्याभराने कचरूराव एकटेच आले आणि त्यांनी एक फोटो गल्ल्यावर ठेवला. सारनाथच्या हिरवळीवर, झाडाच्या सावलीत, पिशवी उशाला घेऊन ते स्वतः गाढ झोपलेले होते. तोंड उघडे. राधाबाईंनी पार पलीकडच्या टोकावरून तो टिपला होता.

“गोदाअक्कांनी स्तूपाचे फोटो पोटभर पाहिले, हात जोडले,” कचरूराव सांगत होते, “आणि हा तेवढा उशाशी ठेवून घेतला. येईल त्या बाईला दाखवतात. ‘आमचे मेहुणे, सारनाथला जाऊन घोरले’ म्हणतात.”

नगरकरांनी चष्मा वर करून पाहिले. “तोंड मिटायला काय झालं होतं?”

कचरूराव हसले आणि त्यांनी फोटो जपून खिशात ठेवला.

मित्रांनो, माझ्यातून असा फोटो कधी निघाला नाही. मी असताना कचरूराव कायम राधाबाईंच्या शेजारी उभे असत आणि कडा सांभाळायला सांगत.

तुमच्यापैकी कुणी मला न्यायला आले, तर माझी काच पुसा, ओलाव्यापासून मला जपा. हे तर तुम्ही कराल. पण त्याआधी, जो माणूस मला वाहणार आहे, त्याच्या हातात मला द्या. त्याला थोडा वेळ उभे राहू द्या आणि तोवर तुम्ही काही बोलू नका. तो ‘बरी आहे’ म्हणाला, तर ते कोणत्या आवाजात म्हणाला, तेही नीट ऐका. एवढे करायला वेळ नसेल, तर मला इथेच राहू द्या. नगरकर दर सोमवारी फळी पुसतात. माझे इथे बरे चालले आहे, आणि आता मला कुणाचा हात दुखवायचा नाही.