मोजे काढा

डॉक्टर लुगो भेटताच गालाला गाल लावतो, हे मोन्सेकडून ऐकल्यापासून तोमासाचा नुसता जळफळाट चालला होता.

"अगं ताई, अ‍ॅव्होकॅडो नेला, तर जागच्या जागी कापून खाल्ला!" धाकटी बहीण फुशारक्या मारायची.

आणि तोमासाचा डॉक्टर रेन्तास? मेला ठोंब्या! नाताळात केळीच्या पानात बांधलेले पास्तेलेस नेले, तर म्हणाला, "मला नकोत, तुम्हीही खाऊ नका. साखर बघा किती वाढलीय. मोजे काढा." दर खेपेला तेच. मग उकिडवा बसून बोटन् बोट चाचपायचा. हसणं नाही, बोलणं नाही. तरी मोन्सेपुढे पडती बाजू कोण घेईल? "माझा डॉक्टर माझ्या पायांशी बसतो, म्हटलं!" तोमासा ठसक्यात सांगायची.

लारेस गावात विम्याच्या कार्डावर एकाच डॉक्टरचं नाव असतं, मोठ्या दवाखान्यात जायलाही त्याचीच चिठ्ठी लागते. एक दिवस तोमासानं फोन करून ते नावच बदललं. मोन्सेला मात्र पत्ता लागू दिला नाही.

लुगोनं गालाला गाल लावला, "काय तरुण दिसताय!" म्हणाला, गोळ्या लिहून दिल्या. तोमासा कितीतरी दिवस हवेत होती. मग एका सकाळी मोज्याला पू दिसला. दुखत तर काहीच नव्हतं.

"दुखत नाही ना? मग घाबरता कशाला!" लुगो हसत म्हणाला आणि न बघताच मलम दिलं.

करंगळी काळी पडली तेव्हा तोमासा निमूटपणे रेन्तासच्या दवाखान्यात आली. बघते तर बाकावर मोन्से!

"तू इथे कशी गं?"

"नाव बदललं मी." मोन्से ओशाळली. "तू सारखी सांगायचीस, पायांशी बसतो म्हणून. माझ्या पायांशी जन्मात कुणी बसलंय का, ताई?"

तेवढ्यात रेन्तास दारात आला. त्यानं तोमासाची लंगडी चाल पाहिली.

"माझ्या कार्डावर आता तुमचं नाव नाही," ती पुटपुटली.

"कार्डाचं नंतर बघू. मोजे काढा."

तिला वाकवेना. मोन्सेनंच खाली बसून मोजा ओढला. रेन्तास बराच वेळ पाय चाचपत राहिला.

"करंगळी जाणार," तो म्हणाला. "पाय वाचवू."

डॉक्टर अजून पायांशीच होता. तोमासानं सवयीनं पाहिलं, मोन्से जळतेय का. मोन्से रडत होती.