पलीकडे ढकललेली घाण

मित्रांनो, नाक धरून ऐका, कारण मी एक जुनी बोट आहे आणि माझ्या अंगाचा वास काही केल्या जात नाही. मी माणसं नेत नाही, सरोवरातली जलपर्णी काढते. माझ्या पुढच्या बाजूला पाण्यात बुडणारा जाळीचा लांब पट्टा आहे. तो फिरला की जलपर्णी माझ्या पोटात येते, पोट भरलं की मी ती काठावरच्या ट्रकमध्ये ओकते. एवढंच माझं काम, पण तेही या माणसांनी मला धड करू दिलं नाही!

मी नवी होते तेव्हा माझं कोण कौतुक! लोक मुलाबाळांना घेऊन मला बघायला यायचे. माझा चालक दर आठवड्याला पट्ट्याच्या साखळीला वंगण द्यायचा, जाळीत अडकलेला कचरा हाताने काढायचा. मीही जीव तोडून काम करायची.

पण काय काय आलं हो त्या पट्ट्यावर! मेलेले मासे, फुगलेली कुत्री, दवाखान्यातल्या सुया, बाळांचे मळलेले लंगोट, आणि सगळ्यावर कारखान्याचा पिवळा फेस. शी! शहरातले सगळे नाले सरोवरातच येतात आणि त्या घाणीवर जलपर्णी पोसते. मी काढत राहायचं, नाल्यांनी तिला खाऊ घालत राहायचं. नगरपालिकेच्या सभेत कुणी ‘आधी नाले बंद करा’ म्हटलं की सगळ्यांना एकदम खोकला यायचा. कारखाना एका पक्षाच्या पुढाऱ्याचा, नाल्यांचं कंत्राट दुसऱ्या पक्षाच्या पुढाऱ्याच्या मेव्हण्याचं. बोलणार कोण?

त्यापेक्षा मला रंगवणं सोपं. सत्ता बदलली की नवी स्वच्छता मोहीम, आणि नवी मोहीम म्हणजे मला नवा रंग. आधी मी निळी होते, मग हिरवी झाले. या वेळी पिवळी करायला रंगारी आला. उद्घाटन दुसऱ्या दिवशी, त्यामुळे जुना रंग खरवडायला वेळ कुणाला? त्याने वरूनच ब्रश फिरवला. वंगण घालायची भोकं बुजवली, साखळीसुद्धा सोडली नाही.

“अहो, साखळीला कशाला फासताय?” चालक ओरडला.

“साहेबांनी सांगितलंय, काळं काही दिसता कामा नये,” रंगारी म्हणाला आणि त्याने दुसरा हात मारला.

त्याच संध्याकाळी चालकाची थोरली बहीण धक्क्यावर आली. ती पलीकडच्या काठावरच्या वस्तीत राहते. वस्तीच्या नळांना तिथल्याच काठाशी सरोवरात सोडलेल्या पाइपातून पाणी जातं. तिची मुलगी कावीळ होऊन दवाखान्यात होती.

“अरे, पाइपाच्या तोंडाशी सगळं कुजलंय,” ती म्हणाली. “पोरगी उद्या घरी येतेय. तेच पाणी पाजू का तिला? एकदा तुझी बोट आण ना रे.”

“आणतो ताई, नक्की आणतो,” चालक म्हणाला आणि तडक नगरपालिकेच्या साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, “आधी उद्घाटन होऊ दे. मग जा की पलीकडे, कुणी धरलंय तुला?”

दुसऱ्या दिवशी काठावर खुर्च्या मांडल्या. नगराध्यक्षांनी बटण दाबलं. माझा पट्टा कर्रकन ओरडला आणि जागच्या जागी अडकला. रंगाने साखळी पार चिकटली होती. तरीही टाळ्यांचा कडकडाट झाला, कारण बटण दाबलं की टाळ्या वाजवायच्या असं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

साहेब धक्क्याच्या टोकाशी येऊन दातओठ खात म्हणाले, “पट्टा मरू दे. जलपर्णी नुसती पलीकडे ढकल. फोटोत समोर मोकळं पाणी दिसलं पाहिजे, नाहीतर उद्यापासून घरी बस.”

चालकाने मान खाली घातली आणि मला पुढे घातलं. जलपर्णीचा तो सगळा कुजका गालिचा मी छातीने रेटत नेला. माझी मलाच किळस आली. मागे पाणी चमकत होतं आणि लोक फोटो काढत होते.

पलीकडे ताई काठावर उभी होती. बोट येताना पाहून ती आनंदाने हात हलवत होती. मग तिला माझ्यापुढचा ढीग दिसला. तो काठाला लागला आणि पाइपाचं तोंड पार बुजून गेलं.

“पोरगी सकाळीच घरी आलीय,” ताई म्हणाली. “मला वाटलं, भाऊ शब्द पाळायला आला.”

 चालकाने इंजिन बंद केलं, कमरेएवढ्या चिखलात उडी टाकली आणि तो हातांनी जलपर्णी उपसू लागला. ताईही उतरली. वस्तीतल्या बायाही आल्या. अंधार पडेपर्यंत सगळी उपसत होती, पण मी जे आणून टाकलं होतं ते हातांनी उपसण्याएवढं नव्हतं. नळाला काळं पाणी आलं. आठवडा व्हायच्या आत पोरगी पुन्हा दवाखान्यात गेली, आणि ‘सरोवराने घेतला मोकळा श्वास’ असा मथळा फोटोसकट छापून आला.

आता मी इथेच पलीकडच्या काठावर, अडकलेल्या पट्ट्यासकट पडून आहे. म्हणे नवी बोट येणार आहे, आणि तिचा रंगही ठरलाय. मित्रांनो, यंत्राला रंग नको असतो, वंगण हवं असतं. आणि सरोवर स्वच्छ झालं असं कुणी सांगितलं, तर टाळ्या वाजवू नका. त्याला इकडे घेऊन या, ताईच्या घरचा नळ सोडा, पेला भरा आणि त्याच्या हातात द्या.